वाचता येणारं पान: खान्देशातली पंचवीस वर्षं

खान्देशात इंटरनेट आलं ते सायबर कॅफेच्या प्लायवूडच्या खोक्यांमधून. 2000 च्या आसपास जळगावात आणि धुळ्यात तासाच्या दराने बसायला मिळायचं आणि त्यातला बराच वेळ मराठी नीट दिसण्यातच जायचा. एका वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उघडलं की त्याचा फॉन्ट उतरवून घ्या, दुसऱ्याचं उघडलं की त्याचा. फॉन्ट नसला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं यांची गिचमिड. डोळस माणसाच्या लेखी ही फक्त कटकट होती. पण संगणकात साठवलेलं असायचं ते ती गिचमिडच. देवनागरी दिसायची फॉन्टच्या कृपेने. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र आकार बघत नाही, साठवलेलं वाचतो. त्यामुळे अंध वाचकाच्या कानावर मराठी बातमीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं पडायची.

गंमत अशी, की वेब सगळ्यांना वापरता यावं याचे जागतिक नियम तोवर तयार होते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने 1997 मध्ये त्यासाठी वेगळा उपक्रम काढला आणि मे 1999 मध्ये मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती आली. चित्राचं वर्णन शब्दांत द्या, अर्थ नुसत्या रंगावर सोडू नका, माउसशिवायही काम होऊ द्या, असा त्यांचा साधा रोख. पण या साऱ्यात एक गोष्ट गृहीत होती: पानावरचा मजकूर हा मजकूर असेल. मराठीचं घोडं तिथेच अडलेलं.

ते सुटलं युनिकोडमुळे. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासूनच होती, पण विंडोज 2000 आणि एक्सपी गावोगावच्या संगणकांत आल्यावर तिचा उपयोग होऊ लागला. दिव्यांगांचा विचार करून हे कोणी केलं नव्हतं. तरीही माझ्या मते मराठी अंध वाचकासाठी या पंचवीस वर्षांतली सर्वांत मोठी घटना हीच.

दुसरी घटना ऑस्ट्रेलियात घडली. जॉज हा जुना, नावाजलेला स्क्रीन रीडर 1989 पासून होता. पण त्याची किंमत हजार डॉलरच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या कॉलेजच्या पोराने नुसतं नाव ऐकावं अशी. 2006 मध्ये मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला आणि तो फुकट वाटला. त्यासोबतचा ईस्पीकचा यांत्रिक, कोरडा आवाज मराठीही वाचू लागला. 2009 मध्ये अँड्रॉइडवर टॉकबॅक आलं, आयफोनवर व्हॉइसओव्हर आलं आणि पुढे स्वस्त मोबाइल घरोघरी पोचले तसा बोलणारा पडदाही पोचला.

सरकारी बाजूची हकिगत तारखांनी भरलेली आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात संकेतस्थळांचा उल्लेख असणं शक्यच नव्हतं. 2007 मध्ये भारताने दिव्यांग हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर शिक्कामोर्तब केलं, 2009 मध्ये सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या, 3 डिसेंबर 2015 ला सुगम्य भारत अभियान सुरू झालं. 3 डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. खान्देशाला ही तारीख आणखी एका कारणाने ठाऊक असते: 1951 मध्ये याच दिवशी जळगावात बहिणाबाई गेल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईची कविता तोंडून निघाली आणि घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत आली. तिचंच नाव 2018 मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला मिळालं. त्यामुळे अर्ज, निकाल, परिपत्रकं कानाने वाचता येतील का, हा प्रश्न या विद्यापीठाला तरी परका वाटायला नको.

याच सुमारास जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळं एनआयसीच्या, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, एका समान साच्यात बसवली गेली. जळगावचं आणि धुळ्याचं पान एका वळणाचं दिसतं ते त्यामुळे. वरच्या पट्टीत अक्षर लहानमोठं करायची बटणं, रंग उलटे करायची सोय, थेट मुख्य मजकुरावर जाण्याचा दुवा. साचा चांगला आहे. पण त्या बटणांचं फार कौतुक करू नये. अक्षर मोठं करणं ब्राउझरला आधीपासून येतं. खरी अडचण त्या पट्टीच्या खाली सुरू होते. कार्यालयात एखादी सूचना संगणकावर टाइप होते, छापली जाते, तिच्यावर सही-शिक्का पडतो, मग ती स्कॅन होऊन पीडीएफ म्हणून चढते. अंगणवाडी भरतीची यादी असो की लाभार्थ्यांची, अक्षरांचं पुन्हा चित्र झालेलं असतं. स्क्रीन रीडरला ते पान कोरं. सायबर कॅफेच्या काळात फॉन्टने जे केलं, ते आता स्कॅनर करतो.

दिव्यांग मुलांच्या स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनने मनोबल हा निवासी प्रकल्प उभा केला. यजुर्वेंद्र महाजन यांचं हे काम आता महाराष्ट्रभर माहीत आहे. जळगाव जिल्ह्याशी नातं असलेल्या प्रांजल पाटील यांचं उदाहरण अशा मुलांपुढे असतं. लहानपणी दृष्टी गेली, जॉजच्या मदतीने पुस्तकं ऐकून अभ्यास केला, आणि यूपीएससीच्या 2017 च्या निकालात त्या देशात 124 व्या आल्या. पण अभ्यास करता येणं वेगळं आणि अर्ज भरता येणं वेगळं. ऑनलाइन अर्जाचा अनुभव ज्याला आहे त्याने एकदा माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबच्या कळीने तो भरून पाहावा. जन्मतारखेची दिनदर्शिका उघडते पण तिच्यात कळफलकाने शिरताच येत नाही. चुकलेला रकाना लाल होतो. काय चुकलं ते शब्दांत कुठेच नाही. फोटो आणि सही अमुक केबीत बसवा. शेवटी कॅप्चा, म्हणजे मुद्दाम वाकडं केलेलं अक्षरांचं चित्र, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करायला. आणि हे चालू असताना वेळ संपून पान पहिल्यापासून.

हे अडथळे फक्त अंधांचे नाहीत, हे आपल्याला शेतकऱ्यांनी दाखवलं. 1 मे 2018 ला डिजिटल सहीचा सातबारा आला, 15 ऑगस्ट 2021 ला ई-पीक पाहणीचं ॲप आलं. दोन्ही सोयी चांगल्या. तलाठ्याच्या मागे फिरणं कमी झालं. पण रावेर-यावलचा सत्तरीतला केळीवाला किंवा शिंदखेड्याचा कापूसवाला तो मोबाइल हातात घेतो तेव्हा बोटं जाड असतात, चष्मा घरी असतो आणि ऊन डोक्यावर. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक एवढं प्रमाण हवं, असा नियम वेबच्या त्या मार्गदर्शक तत्त्वांत 2008 पासून आहे. तो मंद दृष्टीच्या माणसांसाठी केला. भुसावळच्या उन्हात फिकट राखाडी अक्षरं वाचायचा प्रयत्न केला की कळतं, तो नियम तुमच्या-माझ्यासाठीही आहे. दाबायची जागा किमान 24 पिक्सेलची असावी, आणि लॉगिनसाठी कोडी सोडवायला लावू नयेत, हे त्याच तत्त्वांच्या 2023 च्या आवृत्तीत आलं.

मधल्या काळात तोडगा लोकांनीच काढला: सेतू केंद्रात बसून अर्ज भरून देणारा सेतूवाला. आधार, बँक पासबुक, मोबाइल त्याच्या हातात द्यायचे. ओटीपी आला की मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याने लाखो कामं निस्तरली, त्याला नावं ठेवणं कृतघ्नपणा होईल. पण अर्जांचे आकडे फुगले म्हणून अर्ज सोपा झाला, असा निष्कर्ष मंत्रालयात निघत असेल तर तो चूक आहे. आकड्यांमागे सेतूवाल्याचे डोळे आणि बोटं आहेत, आणि ज्याचा अर्ज त्याची गुपितं काउंटरवर पडलेली आहेत.

कायद्याला दात उशिरा आले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने डिजिटल सुविधांचा उल्लेख केला, पण नियमांची भाषा मार्गदर्शनाची राहिली. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं याच्यावर बोट ठेवलं आणि बंधनकारक मानकं करा, असं केंद्राला बजावलं. 30 एप्रिल 2025 ला दुसरा निकाल आला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेच्या ई-केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापणी लवता येत नव्हती. अमर जैन या अंध वकिलांचीही याचिका सोबत होती. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि वीस निर्देश दिले.

खान्देशापुरती एक बाब या निर्देशांच्याही बाहेर राहते. फोनमधल्या नेहमीच्या आवाजांच्या यादीत मराठी आहे, हिंदी आहे. अहिराणी नाही, सातपुड्यातली पावरी नाही. अहिराणी देवनागरीत लिहिली जाते, म्हणून मराठी आवाज ती वाचतो खरा, पण पुण्याहून आलेल्या पाहुण्याने वाचावी तशी. साक्रीच्या आजीला ते कळतं. तिने अहिराणीत बोलून काही विचारलं, तर ते फोनला कळत नाही.