विहिरीचं पाणी वर आलं, पण कशामुळं?

"अमुक संस्थेच्या कार्याचा अभ्यास" असं शीर्षक घेऊन बरेच जण गाईडकडे जातात, आणि गाईड विचारतात, "बरं, पण प्रश्न काय?" संस्थेचं काम हा विषय झाला, प्रश्न नव्हे. या दोन्हींत किती अंतर असतं ते बघायला नगर जिल्ह्यातलं एक उदाहरण घेऊ.

फादर हर्मन बाखर मूळचे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू. १९४८ मध्ये ते भारतात आले. पुढं अहमदनगरला (आता अहिल्यानगर) त्यांनी सोशल सेंटर ही संस्था उभी केली. जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत. शेतकऱ्यांसाठी काम करता करता संस्था पाणलोट विकासाकडे वळली. त्यातूनच पुढं इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आला. पैसा जर्मन सरकारचा, भारतातली जबाबदारी नाबार्डची. १९९३ मध्ये बाखर आणि फादर क्रिस्पिनो लोबो यांनी 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' म्हणजे 'वॉटर' ही वेगळी संस्था काढली. हिची सुरुवात धर्मगुरूंनी केली, पण काम गावाच्या ग्रामसभेतून आणि पाणलोट समितीतून चालतं, चर्चमधून नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण अशा विषयाचं नाव काढलं की चर्चा धर्माकडं वळते आणि पाणी बाजूला राहतं.

कामाची पद्धत 'माथा ते पायथा'. आधी डोंगरावर सलग समतल चर आणि झाडं, मग उतारावर बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावर बांध. सोबत गावानं काही अटी पाळायच्या: मोकाट चराई बंद, कुऱ्हाडबंदी, श्रमदान, आणि उसासारखी पाणी पिणारी पिकं नकोत.

संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे यातलं गाजलेलं गाव. २००५ च्या 'वर्ल्ड रिसोर्सेस' अहवालात त्याच्यावर स्वतंत्र टिपण आहे. आधी शेतीत वर्षाला ३-४ महिने काम मिळायचं, नंतर ९-१० महिने मिळू लागलं. उन्हाळ्यात येणारा टँकर बंद झाला. एवढं वाचून आपण लिहून मोकळे होतो, "प्रकल्पामुळे गावाचा विकास झाला." या वाक्यातला 'मुळे' हा एक शब्द सिद्ध करायलाच चार-पाच वर्षं जातात.

विहिरीपासून सुरुवात करू. समजा एका गावात प्रकल्पानंतर विहिरींची पातळी सरासरी ३ मीटरनं वर आली. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण आपल्याकडं खाली बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण. त्यात पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत. अशा खडकाची विशिष्ट निष्पत्ती, म्हणजे एकूण आकारमानातलं खरोखर बाहेर काढता येणारं पाणी, साधारण १ ते ३ टक्के धरतात. आपण २ टक्के धरू. ३ मीटर गुणिले ०.०२ म्हणजे ०.०६ मीटर. फक्त ६० मिलिमीटर! सरासरी ४५० मिलिमीटर पावसाच्या गावात एका वर्षीचा आणि दुसऱ्या वर्षीचा पाऊस यांतला फरकसुद्धा याहून सहज मोठा असतो. 'आधी'चं मोजमाप दुष्काळी वर्षात आणि 'नंतर'चं चांगल्या वर्षात झालं असेल, तर श्रेय चराला द्यायचं की ढगाला? लोबो यांनी सहलेखकासोबत याच भागातल्या कामावर १९९५ मध्ये एक पुस्तिका लिहिली. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'पावसानं आम्हाला मदत करायचं ठरवलं' असा होतो. संशोधकाची सगळी अडचण त्या शीर्षकातच आहे, असं मला ते वाचताना नेहमी वाटतं.

त्याच ६० मिलिमीटरचा आणखी एक हिशेब करून बघा. एका हेक्टरवर ते होतात ६०० घनमीटर. उसाला हंगामात किमान १,५०० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी १५,००० घनमीटर. एक हेक्टर ऊस २५ हेक्टरांवर मुरवलेलं पाणी पिऊन टाकतो. पिकावरची अट नुसती शिस्तीसाठी नव्हती, हे इथं कळतं. पण पाणी दिसायला लागलं की मोटारी वाढतात, आणि प्रकल्प संपून दहा वर्षं झाल्यावर ती अट कोण पाळतंय, हा स्वतंत्र पीएचडीचा विषय आहे.

पावसाचा गोंधळ काढायचा तर शेजारचं, सारख्याच खडकाचं, प्रकल्प नसलेलं गाव सोबत घ्यावं लागतं. समजा प्रकल्पाच्या गावात पातळी ३ मीटर वाढली आणि शेजारी त्याच वर्षांत २ मीटर. मग प्रकल्पाच्या वाट्याला येतो १ मीटर. यालाच 'डिफरन्स इन डिफरन्स' म्हणतात. मात्र यात एक गृहीतक दडलेलं असतं: प्रकल्प नसता तर दोन्ही गावं सारखीच वागली असती. इथं खरी मेख आहे. ज्या गावानं एकमतानं चराई बंद केली आणि श्रमदानाला माणसं काढली, ते गाव आधीपासूनच एकोप्याचं नव्हतं कशावरून? अटी पाळायला तयार असलेली गावं निवडायची, हे संस्थेच्या दृष्टीनं शहाणपणाचंच. आपल्याला मात्र ते निवडीच्या पूर्वग्रहाचं घर. यात कुणाची लबाडी नाही. संस्थेला काम यशस्वी करायचं असतं, आपल्याला कारण शोधायचं असतं.

महाराष्ट्र आणि आंध्रातल्या ८६ गावांचा तुलनात्मक अभ्यास जॉन केर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात इंडो-जर्मन कार्यक्रमाची गावंही होती. लोकसहभागाचे प्रकल्प निव्वळ तांत्रिक प्रकल्पांपेक्षा सरस ठरले. पण त्याच अभ्यासात दुसरी बाजूही आली: सामाईक जमिनीवर चराई बंद झाली की बोजा पडतो तो शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांवर, भूमिहीनांवर आणि चारा-सरपण आणणाऱ्या बायकांवर. पाणी मात्र वाढतं पायथ्याला, विहीरवाल्याच्या शेतात. 'प्रति कुटुंब सरासरी उत्पन्न' काढलंत तर हे सगळं सरासरीत गडप होतं. म्हणून प्रश्नावली करताना जमीनधारणेनुसार गट आधीच पाडा, विश्लेषणाच्या वेळी नाही. आणि बैठकीला कोण आलं हे लिहिता तसं कोण आलं नाही हेही लिहा. शेळ्या घेऊन गेलेली बाई सकाळी अकराच्या गटचर्चेला सापडत नाही.

खालच्या गावांचं काय, हाही प्रश्न उरतोच. वर अडवलेलं पाणी खालच्या ओढ्याला कमी जातं का, ते एका गावाची हद्द धरून मोजताच येत नाही.

अशा संस्थेच्या कार्यालयात जाल तेव्हा छापील यशोगाथा देतील, त्या घ्या, वाचाही. पण सुरुवातीच्या सर्वेक्षणाच्या मूळ फायली मागा: कोणती विहीर, कोणत्या महिन्यात, कुठून मोजली. आणि अर्ज करूनही निवड न झालेल्या गावांची यादी आहे का, ते विचारा. ती मिळाली तर तुमचा तुलना-गट निम्मा तयार झाला.