आंतरवासितेतील कौशल्य-मूल्यमापन (सार्वजनिक आरोग्य)

वैद्यक व सार्वजनिक आरोग्य या विषयांचा विद्यार्थी प्रत्यक्ष सेवेच्या ठिकाणी, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली जे ठराविक मुदतीचे काम करतो, त्यास आंतरवासिता म्हणतात. या काळात त्याने आत्मसात केलेली कौशल्ये शक्यतो कामाच्या जागीच पारखणे हा या मूल्यमापनाचा हेतू होय.

पार्श्वभूमी : नाशिक येथे जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात वैद्यकीय विद्यार्थ्यांना प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यावे, अशी शिफारस केली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी १२ महिन्यांच्या आंतरवासितेतील १२ आठवडे या विषयासाठी राखून ठेवले. केलेल्या कामाची नोंद आंतरवासीला कार्यनोंदवहीत ठेवावी लागते.

पद्धती : जॉर्ज मिलर या अमेरिकन वैद्यक-शिक्षणतज्ञांनी १९९० मध्ये क्षमतेच्या चढत्या चार पायऱ्या मांडल्या : माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखविणे व प्रत्यक्ष व्यवहारात करणे. पहिल्या दोन पायऱ्या लेखी व तोंडी परीक्षेने तपासता येतात. तिसरीसाठी स्कॉटलंडमधील डंडी येथे रॉनल्ड हार्डेन व त्यांचे सहकारी यांनी वस्तुनिष्ठ संरचित परीक्षा विकसित केली व १९७५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तीत सर्व विद्यार्थी क्रमाने त्याच त्या स्थानकांवर जातात व परीक्षक ठरीव तपासणी सूचीनुसार गुण देतात. चौथ्या पायरीसाठी मात्र विद्यार्थ्याचे काम चालू असतानाच त्याचे निरीक्षण करावे लागते.

विहिरीच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण हे याचे चांगले उदाहरण आहे. हॉरॉक्स उपकरणातील सहा पांढऱ्या पेल्यांपैकी ज्या पहिल्या पेल्यात स्पष्ट निळा रंग दिसतो, त्याच्या क्रमांकाची दुप्पट केल्यास ४५५ लिटर पाण्यास लागणारे विरंजक चूर्ण ग्रॅममध्ये मिळते. हा नियम तोंडी परीक्षेत सांगता येतो व कसोटी प्रयोगशाळेत करूनही दाखविता येते. परंतु आंतरवासीने विहिरीचा व्यास व पाण्याची खोली स्वतः मोजली काय, चूर्ण टाकल्यावर एक तास थांबून पाण्यात लिटरला ०·५ मिग्रॅ. मुक्त अवशिष्ट क्लोरीन उरल्याची खात्री केली काय आणि तोवर पाणी भरू नये हे गावकऱ्यांना समजावून सांगितले काय, हे विहिरीपाशी उभे राहिल्याविना कळत नाही. तपासणी सूचीत अशा प्रत्येक कृतीची स्वतंत्र नोंद असावी लागते.

मर्यादा : कार्यनोंदवहीतील सहीमुळे विद्यार्थी हजर होता व काम झाले एवढेच समजते, ते कसे झाले हे समजत नाही. निरीक्षक समोर असताना विद्यार्थी अधिक दक्ष राहतो, तसेच एका निरीक्षकाचे मत दुसऱ्याशी जुळेलच असे नाही. म्हणून एकाच दिवशीच्या दीर्घ परीक्षेपेक्षा निरनिराळ्या निरीक्षकांनी वेगवेगळ्या दिवशी केलेली अनेक लहान निरीक्षणे अधिक विश्वसनीय मानली जातात. त्यांच्या जोडीला तापमान नोंदवहीसारख्या कामाच्या मागे उरणाऱ्या पुराव्याची अचानक तपासणी उपयोगी पडते. प्रत्येक निरीक्षणानंतर उणीव लगेच दाखवून ती कृती पुन्हा करून घेतल्यास मूल्यमापन हेच शिक्षण ठरते.

महत्त्व : रुग्णालयातील चूक पुष्कळदा रुग्णाच्या प्रकृतीवरून ध्यानात येते, सार्वजनिक आरोग्यातील चूक दीर्घकाळ अदृश्य राहू शकते. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील एकत्रित लस २° ते ८° से. तापमानात ठेवावी लागते. ती गोठल्यास तिची शक्ती घटते. अशी लस टोचलेल्या बालकाचे नाव नोंदवहीत संरक्षितांमध्ये लिहिले जाते आणि ते बालक मात्र पुरेशा संरक्षणाविना राहू शकते. लस टोचण्यापूर्वी आंतरवासीने कुपीची व शीतपेटीची तपासणी केली की नाही, हे पाहण्याचे महत्त्व यावरून स्पष्ट होते.