कुणाच्या डोळ्यांसाठी?

सांगलीच्या हरभट रोडवरच्या एका दुकानात आत्या साडी घ्यायला बसली होती. चुलतभावाचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. गादीवर साड्यांचा ढीग पडला होता आणि मनासारखी एकही मिळत नव्हती. शेवटी दुकानातल्या मुलानं मोरपंखी काठांची एक जांभळी साडी उलगडली, आत्याच्या खांद्यावर पदर टाकला आणि आरसा तिरका करून समोर धरला. आत्यानं आरशात जेमतेम दोन क्षण पाहिलं असेल. मग ती वळली आणि शेजारी बसलेल्या माझ्या आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "वहिनी, कशी दिसतीय?" आई काही बोलायच्या आतच तिला उत्तर मिळालं होतं. "हीच बांधा," ती म्हणाली. जिना उतरताना मात्र आईला सांगत होती, "लोकांचं काय घेऊन बसायचं? मला स्वतःला आवडली म्हणून घेतली."

आत्या खोटं बोलत नव्हती. तिला साडी खरोखरच आवडली होती. फक्त ती आवड पक्की झाली आईच्या डोळ्यांत बघून.

माणूस स्वतःसाठी कपडे घालतो की दुसऱ्यांवर छाप पाडण्यासाठी, या प्रश्नावर घरोघरी वाद होतात. या वादात आपण धरून चालतो की 'स्वतः' एकीकडे आणि 'लोक' दुसरीकडे, मधे भिंत. मानसशास्त्राला ही भिंत फारशी सापडलेली नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी 1902 सालीच मांडलं होतं की आपण दुसऱ्याला कसे दिसत असू, याच्या कल्पनेतूनच माणसाची स्वतःची प्रतिमा घडते. पुढे 1995 साली मार्क लिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आत्मसन्मानाकडे एक मापक म्हणून पाहिलं. मोटरसायकलच्या टाकीवरचा काटा आत पेट्रोल किती आहे ते दाखवतो, तसा आपल्या मनातला हा काटा आपल्या माणसांत आपल्याला किती जागा आहे ते दाखवत राहतो. टोळीबाहेर फेकला गेलेला माणूस जगत नसे. अशा लाखो वर्षांच्या काळात हा काटा घडला, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे नवा सदरा घातल्यावर छातीत जे 'मला बरं वाटतं', ते खास आपलंच असतं. पण काटा हलवणारे डोळे बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचे असतात.

लग्नाच्या दिवशी पहिल्याच पंगतीत आत्याच्या नव्या साडीवर आमटी सांडली. रुपयाएवढा डाग, निऱ्यांच्या जरासा वर. त्यानंतर दिवसभर तिनं डाव्या हातानं पदर त्या डागावर धरून ठेवला. अक्षता टाकताना आणि फोटोला उभं राहतानाही तो हात हलला नाही. संध्याकाळी ती रडवेली होऊन म्हणाली, "सगळ्या मांडवानं बघितलं." आम्ही घरातल्या एकेकाला विचारलं. डाग कुणीच पाहिला नव्हता.

अशा प्रसंगाची मोजणी थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात केली आणि 2000 साली ती प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला दिला. त्या वयाच्या मुलांना तो घालायची लाज वाटावी असाच तो होता. तो घालून इतरांनी भरलेल्या खोलीत क्षणभर जाऊन यायचं. बाहेर आल्यावर त्या मुलांना वाटलं की जवळपास निम्म्या लोकांनी चित्र ओळखलं असणार. प्रत्यक्षात ओळखणारे चौथ्या हिश्श्याच्या आसपास होते. आपण स्वतःच्या डोक्यात सतत उजेडात उभे असतो, समोरचा मात्र त्याच्या स्वतःच्या उजेडात गुंतलेला असतो.

मग कपड्यांकडे कुणी बघतच नाही का? बघतात, आणि फार झटकन बघतात. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या एका अभ्यासात तोच चेहरा कधी जरा श्रीमंती दिसणाऱ्या, तर कधी साध्या कपड्यांवर दाखवला गेला. श्रीमंती कपड्यांतला माणूस लोकांना अधिक कर्तबगार वाटला. चित्र सेकंदाच्या जेमतेम आठव्या हिश्श्याइतकं दाखवलं तरी फरक पडला नाही. कपड्यांकडे लक्ष देऊ नका असं बजावूनही पडला नाही. नेदरलँड्समध्ये 2011 साली संशोधकांनी एका बाजारात लोकांना प्रश्नावली भरून देण्याची विनंती केली. विचारणाऱ्या मुलीच्या अंगावर महागड्या कंपनीचं चिन्ह असलेला स्वेटर असला की निम्म्याहून अधिक लोक थांबले; चिन्ह नसलं तेव्हा सातांतला एखादाच. डाग दिसत नाही, पण ऐपत दिसते. मला हा निष्कर्ष फार अस्वस्थ करतो. तहसील कचेरीच्या खिडकीपुढे धुवट धोतरातल्या माणसाला मागे सरकायला सांगतात तेव्हा तिथंही हाच आठवा हिस्सा सेकंद काम करत असतो.

कपड्याचा जन्म अर्थातच दिखाव्यासाठी झाला नसावा. त्याचा एक साक्षीदार आपल्या कपड्यांतच राहतो. अंगावरची ऊ डोक्यातल्या उवेपासून वेगळी झालेली आहे आणि ती कपड्याच्या शिवणीतच टिकते. दोघींच्या डीएनएतला फरक मोजून 2011 साली अमेरिकी संशोधकांनी अंदाज बांधला की माणूस 83 हजार ते 1 लाख 70 हजार वर्षांपूर्वीपासून कपडे वापरू लागला असावा. गंमत पुढेच आहे. मोरोक्कोतल्या बिझमून गुहेत सापडलेले शिंपल्यांचे भोक पाडलेले मणी 1 लाख 40 हजार वर्षांहून जुने आहेत. म्हणजे ऊब आणि नटणं ही दोन्ही पार जुनी, जवळपास बरोबरीची दिसतात.

ऊब म्हटलं की आपल्याकडे घोंगडी. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या पट्ट्यात दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची घोंगडी विणली जाते. त्या लोकरीच्या कुरळ्या धाग्यांत हवा अडकून राहते, म्हणून ती ऊब देते. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास बाष्प शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. मेंढरांमागे फिरणारा धनगर रिमझिमीत ती डोक्यावरून घेऊन उभा असतो तेव्हा त्याला कुणावर छाप पाडायची नसते. त्याला कोरडं राहायचं असतं.

आता हीच घोंगडी पुण्यात नेऊ. जोतीराव फुले यांच्या घराण्याचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. 1888 साली राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॉनॉट यांच्यासाठी हरी रावजी चिपळूणकर यांनी पुण्यात मेजवानी दिली. शहरातली बडी मंडळी उंची पोशाखात आणि दागिन्यांत आली होती. जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात आले. अंगावर घोंगडी, डोक्याला मुंडासं, पायांत फाटका जोडा. समोर बसलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, रयत बघायची असेल तर खेड्यात जा, असं त्यांनी ड्यूकना सुनावलं.

इस्रायली जीवशास्त्रज्ञ अमोट्झ झहावी यांनी 1975 साली मोराच्या पिसाऱ्यासारख्या गोष्टींबद्दल एक सिद्धान्त मांडला. ज्याची किंमत मोजावी लागते, त्याच खुणेवर इतरांचा विश्वास बसतो. एरवी हा सिद्धान्त महागडी घड्याळं आणि गाड्यांना लावतात. जोतीरावांचा वेष स्वस्त होता, तरी तो नेमका या सिद्धान्तात बसतो. ते कंत्राटदार होते, पुणे नगरपालिकेचे सदस्य राहिले होते. जरीचं उपरणं त्यांना परवडलं असतं. दारात अडवलं जाण्याचा, मेजवानीत हिणवलं जाण्याचा धोका त्यांनी पत्करला, ती त्या घोंगडीची किंमत. माणच्या माळावर ती निवारा होती, मेजवानीत ती साक्ष झाली. ते कपडे त्यांनी दुसऱ्यांसाठीच घातले होते, यात शंका नाही. पण त्यांना मान द्यायचा होता तो तिथं हजर नसलेल्या माणसांच्या नजरेला.

त्याच 1888 सालच्या जूनमध्ये कृष्णाकाठच्या नागठाण्यात नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म झाला. आज हे गाव सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे. हेच पुढे बालगंधर्व. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या या पुरुषाची साडी नेसण्याची ढब, त्यांचे दागिने, अंबाडा आणि गजरा यांचं अनुकरण मराठी घरांतल्या बायका करू लागल्या. माझ्या मते 'स्वतःची आवड' या शब्दांची यापेक्षा कठीण परीक्षा नाही. एका पुरुषानं बायकांचं चालणं-नेसणं बारकाईनं टिपलं, प्रेक्षकांसाठी ते घासूनपुसून रंगमंचावर आणलं. समोर बसलेल्या बायकांनी ते घरी नेलं. दहा वर्षांनी त्यांच्या मुलींना तेच आपलं, पहिल्यापासूनचं नेसणं वाटू लागलं असेल. जोसेफ हेन्रिक आणि फ्रान्सिस्को गिल-व्हाइट यांनी 2001 साली या प्रवृत्तीची फोड केली. एखाद्या गोष्टीत निपुण मानल्या गेलेल्या माणसाचं आपण त्या गोष्टीपुरतंच अनुकरण करत नाही, तर त्याची पगडी, बोलणं, चालणं सगळंच उचलतो. कारण यशाचं गमक नेमकं कशात आहे हे बघणाऱ्याला कळत नसतं. वारंवार नजरेस पडलेली गोष्ट हळूहळू आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स यांनी 1968 सालीच दाखवलं होतं. दुसऱ्याकडून आली म्हणून ती आवड खोटी ठरत नाही. आपली भाषाही आपण दुसऱ्यांकडूनच घेतली, तरी ती आपलीच असते.

सातारा जिल्ह्यातलं एक गाव, खंडाळा तालुक्यातलं नायगाव. सावित्रीबाई फुले यांचा जन्म तिथला, 3 जानेवारी 1831 चा. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई शिकवायला जाऊ लागल्या. वाटेत लोक अंगावर चिखल आणि शेण फेकत, म्हणून त्या एक जादा साडी बरोबर नेत आणि शाळेत गेल्यावर बदलत, ही हकिकत आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ती ऐकताना आपलं लक्ष शेण फेकणाऱ्यांकडेच जातं. मला ती दुसरी साडी महत्त्वाची वाटते. रस्त्यावरच्या नजरेसाठी एक साडी खर्ची टाकली होती. तिथं काय म्हणतात याचा हिशेब संपला होता. वर्गात बसलेल्या मुलींपुढे मात्र मास्तरीण स्वच्छ साडीतच उभी राहणार. कुठल्या डोळ्यांना किंमत द्यायची आणि कुठल्या नाही, याची निवड त्या रोज सकाळी करत होत्या.

त्या कोरड्या साडीनं खुद्द त्यांनाही बळ दिलं असेल का? कपड्यांचा घालणाऱ्याच्या मनावर परिणाम होतो, असं सांगणारा एक प्रयोग 2012 साली गाजला. डॉक्टरांचा म्हणून दिलेला पांढरा कोट घातल्यावर लोकांचं लक्ष अधिक एकाग्र झालं. तोच कोट रंगाऱ्याचा म्हणून दिला, तेव्हा तसं झालं नाही. या अभ्यासातला एक प्रयोग दुसऱ्या संशोधकांनी जास्त माणसं घेऊन पुन्हा केला, तेव्हा 2019 साली तो परिणाम दिसला नाही. या विषयावरचे इतर प्रयोग चालू आहेत आणि सगळ्यांचा कौल सारखा नाही. त्यामुळे त्या एका कोटावर मी फार भार टाकणार नाही.

आई जाऊन आता चार वर्षं झाली. गेल्या भाद्रपदात तासगावच्या गणपतीच्या रथोत्सवाला आत्याकडे गेलो होतो. रथ निघायची वेळ झाली, खाली दोरखंडाला माणसं लागली होती. गुलाल उडणार हे माहीत असूनही आत्यानं कपाटातून ती जांभळी साडी काढली. धुऊन धुऊन ती मऊ पडली होती, काठांचा मोरपंखी रंग उतरला होता. आमटीचा डाग पुसट होऊन निऱ्यांच्या आत गेला होता. घरात आम्ही दोघंच. आरशासमोर उभी राहून तिनं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, आणि कशी दिसतीय ते मला विचारलं नाही.

"आज हीच?" मी म्हणालो.

"वहिनीनं पसंत केलेली हाय," ती म्हणाली, आणि पदर सारखा करून जिना उतरली.