तपकिरी रंगाची साक्ष

स्तनाच्या कर्करोगाचें निदान झालें, कीं घरांतील मंडळी "गांठ केवढी आहे?" एवढेंच विचारतात. परंतु औषधयोजनेच्या दृष्टीनें आणखी एक प्रश्न तितकाच महत्त्वाचा असतो : ही गांठ संप्रेरकावर पोसली जाते काय?

अंडाशय काढल्यानें स्तनांतील गांठ ओसरूं शकते, हें ग्लासगोचे शस्त्रवैद्य जॉर्ज बीटसन यांनीं १८९६ सालींच प्रसिद्ध केलें होतें. पण तो गुण कांहीं स्त्रियांनाच कां यावा, हें कोडें सुटलें नव्हतें. पुढें १९५८ च्या सुमारास शिकागो येथें एल्वुड जेन्सन यांना उत्तर सांपडलें. ईस्ट्रोजेन हें संप्रेरक पेशींतील एका विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटतें. त्यालाच 'ग्राही' म्हणतात. ज्या गांठींत ग्राही आहे, तिलाच संप्रेरक तोडल्याचा उपयोग.

आरंभीं हा ग्राही शोधण्यास ताजें, गोठविलेलें मांस व किरणोत्सर्गी संप्रेरक लागे. लहान गांठींतून तेवढें मांस मिळावें कोठून? १९८० सालीं जेफ्री ग्रीन व जेन्सन यांनीं मानवी ग्राहीला नेमकें ओळखणारें प्रतिपिंड तयार केल्याचें प्रसिद्ध केलें. आतां असें प्रतिपिंड मेणांत बसविलेल्या गांठीच्या पातळ कापावर सोडतात. जेथें ग्राही असेल तेथें तें चिकटतें, आणि मग रसायनाच्या योगानें पेशीचें केंद्रक तपकिरी दिसूं लागतें. शंभरांत एक केंद्रक रंगलें तरी गांठ ग्राहीयुक्त ठरते. दहापर्यंतच रंगलीं तर 'अल्प' अशी नोंद करतात. ग्राहीची जागा अडविणारें टॅमॉक्सिफेन द्यावें कीं नाहीं, हें या रंगावर ठरतें.

मात्र ही साक्ष फसवीहि असूं शकते. काढलेला तुकडा तासाभरांत फॉर्मॅलिनमध्यें पडावा, व तेथें ६ ते ७२ तास राहावा, असा दंडक आहे. तो न पाळल्यास ग्राही असूनहि रंग न येण्याचा संभव असतो. प्रतिपिंडहि पारखून घ्यावें लागतें. याच ग्राहीचें 'बीटा' नांवाचें भावंड ओळखणारीं म्हणून वापरांत असलेलीं १३ प्रतिपिंडें स्वीडनमधील संशोधकांनीं तपासलीं. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणींत एकच विश्वासार्ह ठरलें!

म्हणून अहवालांत 'ग्राही नाहीं' असें आल्यास घाबरून न जातां डॉक्टरांना शांतपणें दोन गोष्टी विचाराव्या : तुकडा वेळेवर फॉर्मॅलिनमध्यें गेला होता काय? आणि ग्राही असल्याचें ठाऊक असलेला पडताळ्याचा तुकडा त्याच वेळीं रंगला होता काय? मेणाचा ठोकळा जपून ठेवलेला असल्यास परीक्षा पुन्हां करतां येते. वर्षानुवर्षें घ्यावयाच्या औषधाचा निर्णय जिच्यावर अवलंबून, ती साक्ष एकदां पडताळून पाहण्यांत संकोच कसला?