काळा पतंग आणि डोडो

ब्रिटनमध्ये सर्रास आढळणारा ‘पेपर्ड मॉथ’ हा निशाचर पतंग मुळात पांढुरका असून त्याच्या पंखांवर काळी चित्ती असते, त्यामुळे दिवसा दगडफुलाने वेढलेल्या फांद्यांवर तो निश्चल बसला की पक्ष्यांच्या नजरेतून सहज निसटतो. कारखान्यांच्या धुराने दगडफूल मेले, झाडे काजळली आणि हाच रंग त्याच्या जिवावर उठला. मँचेस्टरमध्ये काळ्या पतंगाची पहिली नोंद १८४८ मधली. १८९५ पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के पतंग काळे झाले होते. हा काळेपणा धुराने निर्माण केलेला नव्हता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ट्रान्सपोझॉन, म्हणजे जनुकसंचात जागा बदलणारा डीएनएचा तुकडा, अंदाजे १८१९ च्या सुमारास ‘कॉर्टेक्स’ या जनुकात शिरला होता. पक्षी पांढुरके पतंग वेचून खाऊ लागल्यावर या एकाच बदलाचे वाहक वाढत गेले, आणि पतंगाची पिढी वर्षाची असल्याने ही वाढ माणसाच्या एका आयुष्यात दिसली.

पतंगाची जात अशी तगली, डोडोची मात्र नाही. मॉरिशसचा डोडो हा उडू न शकणारा पक्षी कबुतरांच्या कुळातला होता आणि त्याचे सर्वांत जवळचे हयात नातलग, निकोबारी कबूतर, आजही निकोबार बेटांवर आढळते. जमिनीवर शिकार करणारा सस्तन प्राणी ज्या बेटावर नव्हता तिथे उड्डाणाचे खर्चिक स्नायू राखण्यात लाभ नव्हता, म्हणून डोडोला मंदबुद्धी ठरवण्याची जुनी रीत अन्यायाची आहे. १५९८ मध्ये डच खलाशी उतरले. जहाजांतून आलेली डुकरे, माकडे आणि उंदीर जमिनीवरच्या घरट्यांपर्यंत पोहोचले, आणि डोडोची शेवटची सर्वसाधारणपणे मान्य नोंद १६६२ मधली आहे.

नैसर्गिक निवड उपलब्ध भेदांतूनच निवडू शकते. पतंगाला एका जनुकातला बदल पुरला. डोडोला मात्र पंखांची हाडे, छातीचे स्नायू आणि घरट्याची जागा हे सारे काही दशकांत बदलावे लागले असते, आणि त्यासाठी लागणारे भेद त्याच्यात असण्याचा संभव फार थोडा होता. शिवाय ब्रिटनच्या स्वच्छ ग्रामीण भागांत पांढुरके पतंग टिकून होते, म्हणून १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर हवा निवळत गेली तसे शहरांतही त्यांचे प्रमाण पुन्हा वाढले. मॉरिशसबाहेर डोडोची दुसरी वस्तीच नव्हती. शेजारच्या रॉड्रिग्स बेटावरचा त्याचा न उडणारा भाऊबंद, सॉलिटेअर, ही वेगळी जात होती आणि अठराव्या शतकात तीही नामशेष झाली.