पूर्वजैविक द्रव्ये व निद्रा
मानवी पाचक रसांनी न पचणाऱ्या, परंतु बृहदांत्रातील हितकारक सूक्ष्मजंतूंचे पोषण करणाऱ्या द्रव्यांना पूर्वजैविक अथवा प्रीबायॉटिक द्रव्ये म्हणतात. गिब्सन व रॉबरफ्रॉइड यांनी ही संज्ञा १९९५ मध्ये मांडली. कांदा, लसूण व चिकोरी यांतील इन्युलीन हे त्यांचे परिचित उदाहरण होय. त्याच्या किण्वनातून निर्माण होणारी ब्युटिरिकादी अम्ले तंत्रिका व प्रतिरक्षा यंत्रणांमार्फत मेंदूवर परिणाम करू शकतात. शरीरातील बहुतेक सेरोटोनीन आतड्यात तयार होत असले, तरी ते रक्तातून मेंदूत शिरत नाही; त्यामुळे निद्रेशी त्याचा थेट संबंध जोडता येत नाही. पूर्वजैविक द्रव्ये व दुग्धघटक यांनी युक्त आहार दिलेल्या उंदरांत तणावानंतर द्रुतनेत्रचलन निद्रा वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगांत दिसले. मानवाबाबतचा पुरावा मात्र अद्याप अपुरा आहे. अतिसेवनाने पोट फुगून उलट झोपमोड होऊ शकते. दीर्घकालीन निद्रानाशात ही पूरके वैद्यकीय उपचारांना पर्याय ठरत नाहीत.