आपला संघ कोणता?

पावसाळ्यांत शाळेच्या मैदानावर चिखल झाला म्हणजे क्रिकेटचें सामान कपाटांत जातें आणि फुटबॉल बाहेर येतो. अशाच एका संध्याकाळीं आठवींतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, मी कोणत्या संघाचा होऊं?" प्रश्नकर्त्याच्या अंगांत एका परदेशी संघाचा सदरा होता. आदल्या वर्षीं त्याच अंगांत दुसऱ्याच संघाचा सदरा आम्हीं पाहिला होता. मध्यंतरीं तो पहिला संघ हरूं लागला, एवढेंच काय तें कारण! त्या वेळीं आम्हीं कांहीं तरी बोलून वेळ मारून नेली; परंतु प्रश्न मनांतून जाईना. म्हणून या अंकांत त्याचें उत्तर द्यावयाचें योजिलें आहे. पालकांनींहि तें वाचावें, कारण सदऱ्यांचे पैसे अखेर त्यांच्याच खिशांतून जातात.

संघ निवडण्यापूर्वीं खेळ पाहतां आला पाहिजे. नवशिका प्रेक्षक चेंडूवरून नजर काढीत नाहीं. वास्तविक बावीस गड्यांपैकीं निदान एकवीस जण कोणत्याहि क्षणीं चेंडूवांचून असतात, आणि खेळाचा पुष्कळसा भाग त्यांच्यापाशींच घडत असतो. एखाद्या सामन्यांत पंधरा मिनिटें मागच्या फळींतील एकाच गड्याकडे पाहावें. चेंडू दूर असतां तो कोणती जागा राखतो, कोणास हात करून बोलावितो, केव्हां दोन पावलें पुढें सरकतो, हें दिसूं लागलें म्हणजे खेळाची गोडी आपोआप लागते. ज्या 'ऑफसाइड'च्या नांवानें नवे प्रेक्षक गोंधळतात, त्याचेंहि मर्म तेथेंच कळतें. सोबत्यानें चेंडू मारला त्या क्षणीं प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानांत चेंडूच्याहि पुढें गेलेल्या गड्याच्या पुढें किंवा बरोबरीस, गोलरक्षक धरून, प्रतिपक्षाचे निदान दोन गडी असावे लागतात. १९२५ पूर्वीं तीन लागत. एक गडी कमी करतांच गोलांची संख्या एकदम वाढली, आणि मधल्या गड्यास मागें ओढून बचावाची नवी रचना करणें संघांस भाग पडलें. असो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आज ज्यांचीं नांवें जगभर घेतलीं जातात, त्यांतील कित्येक संघ आरंभीं एखाद्या वस्तीच्या उपासनामंदिरांतून निघाले. १८७८ सालीं लिव्हरपूल शहरांत सेंट डोमिंगो या मेथडिस्ट मंदिराच्या तरुणांनीं, हिवाळ्यांत क्रिकेट बंद असतें म्हणून, फुटबॉल सुरू केला. पुढील वर्षीं त्या संघाचें नांव एव्हर्टन झालें. १८९२ मध्यें मैदानाच्या भाड्यावरून तंटा होऊन एव्हर्टन तेथून निघून गेला, आणि रिकाम्या राहिलेल्या मैदानासाठीं मालकानें नवा संघ उभा केला. तोच लिव्हरपूल! २०२५ पर्यंत दोघांच्या मैदानांमध्यें एका उद्यानाचेंच काय तें अंतर होतें, आणि एका घरांत एक भाऊ निळ्याचा, दुसरा तांबड्याचा, असें तेथें सर्रास आढळतें.

ग्लासगो शहराची गोष्ट याहून अधिक विचारांत पाडणारी आहे. आयर्लंडमधील दुष्काळानें देशोधडीस लागलेलीं पुष्कळ कुटुंबें त्या शहराच्या पूर्व भागांत येऊन राहिलीं होतीं. ब्रदर वॉलफ्रिड हे तेथील मारिस्ट संघाचे शिक्षक. वस्तींतील मुलें उपाशीपोटीं शाळेंत येतात, हें त्यांस रोज दिसत होतें. १८८७ च्या नोव्हेंबरांत सेंट मेरी चर्चच्या सभागृहांत बैठक भरवून सेल्टिक संघ स्थापन झाला, तो सामन्यांच्या उत्पन्नांतून त्या मुलांच्या जेवणाची सोय व्हावी या हेतूनें. १८८८ च्या मे महिन्यांत पहिला सामना रेंजर्सशीं झाला व सेल्टिकनें तो ५-२ असा जिंकला. पुढें १९६७ सालीं लिस्बन येथें इंटर मिलानचा २-१ असा पराभव करून या संघानें युरोपियन कप मिळविला. त्या दिवशीं मैदानांत उतरलेले त्याचे अकराहि गडी ग्लासगोपासून तीस मैलांच्या आंत जन्मलेले होते! ज्यांच्या नांवानें मुलें ओरडत, ते गडी त्यांच्याच गल्ल्यांतून वाढलेले होते.

परंतु या गोष्टीची दुसरी बाजू सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. सेल्टिक कॅथॉलिकांचा आणि रेंजर्स प्रॉटेस्टंटांचा, अशी फूट लवकरच पडली. कित्येक दशकें रेंजर्समध्यें कॅथॉलिक गडी सहसा घेतच नसत. १९८९ सालीं मॉरिस जॉन्स्टन या कॅथॉलिक गड्यास घेतलें, तेव्हां कांहीं पाठीराख्यांनीं आपल्याच संघाचे गळपट्टे जाळले. उपाशी मुलांच्या ताटासाठीं सुरू झालेला खेळ एकाच ख्रिस्ताचें नांव घेणाऱ्या लोकांना एकमेकांस शिव्या देण्याचें निमित्त झाला. ज्या शाळेंत सकाळीं सर्व धर्मांचीं मुलें एकत्र उभीं राहून प्रार्थना म्हणतात, तिच्या वार्षिकांत हें लिहितांना लाज वाटते. पण लिहिलें पाहिजे.

हें केवळ परदेशांतच घडतें असें मात्र कोणीं समजूं नये. कोलकात्यांतील मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांस, विशेषतः १९४७ नंतर घरदार सोडून यावें लागलेल्यांस, ईस्ट बंगाल म्हणजे गमावलेल्या गांवाची खूण वाटे. मोहन बागान जिंकला तर कोळंबी आणि ईस्ट बंगाल जिंकला तर हिलसा मासा, अशी तेथील स्वयंपाकघरांची रीत सांगतात. एवढ्यावर थांबतें तोंवर हें वैर गोडच म्हणावयाचें. परंतु १९८० च्या १६ ऑगस्टला याच दोन संघांच्या सामन्यांत ईडन गार्डन्सवर दंगल होऊन सोळा प्रेक्षक प्राणांस मुकले. खेळ पाहावयास गेलेलीं तीं माणसें घरीं परत आलीं नाहींत. त्याच शहरांत १९११ च्या २९ जुलै रोजीं मोहन बागाननें ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या गोऱ्या संघास २-१ असें हरवून आय. एफ. ए. ढाल जिंकली होती. बागानचे दहा गडी अनवाणी खेळले. बूट घालून खेळणारा अकरावा गडी सुधीर चटर्जी हा ख्रिस्ती होता. त्या दिवशीं त्याचा धर्म कोणता आणि त्याच्या पायांत काय, याची पंचाईत करीत बसण्यास कोणास सवड झाली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत संघ कसा निवडावा हें कोल्हापूरकरास विचारावें; तो हंसेल. तेथें संघ निवडावा लागत नाहीं. मूल ज्या पेठेंत जन्मतें, त्या पेठेच्या तालमीचें तें होतें. जेथें कुस्तीची माती, तेथेंच फुटबॉलचा संघ: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी पेठेचें शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर यांचा सामना असला म्हणजे आजोबा, बाप व नातू एकाच पायरीवर बसून एकाच पंचास दोष देतात. तेथेंहि हुल्लड होऊन कधीं कधीं खेळाचा विरस होतो, हें खरें. पण याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ सालीं भारतांत भरलेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक स्पर्धेंत देशाकडून खेळला, हेंहि तितकेंच खरें.

तेव्हां आमच्या विद्यार्थ्यास उत्तर असें: ज्या संघाचा सामना पायीं किंवा सायकलीनें जाऊन पाहतां येतो, तो पहिला. दूरचा एखादा संघ आवडल्यास तोहि खुशाल असावा. मात्र तो ज्या गांवचा, त्या गांवाची थोडी माहिती करून घ्यावी, आणि दोन सामने हरला म्हणून त्यास सोडूं नये. आम्हीं स्वतः लहानपणीं केवळ निळा रंग आवडतो म्हणून एक परदेशी संघ धरला होता. पुढें तो खालच्या श्रेणींत उतरला, तरी सुटला नाहीं. हें शहाणपण कीं हट्ट, याचा निर्णय आमच्या घरांत अद्याप लागलेला नाहीं.

हें उत्तर ऐकून त्या विद्यार्थ्यानें लगेच विचारलें, "जवळचा संघ नेहमीं हरतच असेल तर?" प्रश्न बिनतोड होता. गेल्या पावसाळ्यांत आंतरशालेय सामन्यांत आमच्या शाळेचा संघ ०-४ असा हरला. मध्यंतरापर्यंत पाऊस एवढा वाढला कीं बहुतेक प्रेक्षक निघून गेले. शेवटची शिट्टी झाली तेव्हां झाडाखालीं चारच माणसें होतीं: मैदान आखणारे आमचे वृद्ध शिपाई, कोणा गड्यांच्या दोन माता, आणि चिखलानें माखून ज्याच्या सदऱ्यावरचें परदेशी नांव वाचतां येत नव्हतें असा तोच विद्यार्थी. गोलरक्षक त्याचा थोरला भाऊ होता. चौथा गोल झाल्यावरहि तो घसा बसेपर्यंत त्यास ओरडून सांगत होता, "दादा, डावीकडे सरक!"